‘अजिंक्य’ कोणास म्हणावें?

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवसांत विशेषणांचें पीक उदंड येतें. स्वागतपद्यांत, मानपत्रांत, कमानीवरच्या कापडी फलकांवर, जिकडे पाहावें तिकडे ‘अभेद्य’, ‘अजिंक्य’, ‘अढळ’ असे शब्द झळकत असतात. आणि हल्लीं त्यांच्या जोडीला ‘इन्व्हिन्सिबल’, ‘अनकॉन्करेबल’ हे इंग्रजी पाहुणेही येऊन बसतात. अशा प्रसंगीं त्या राशींत आणखी भर घालण्याऐवजीं तिची थोडी निवडटिपण करावी, असें आम्हांस वाटलें. ज्या गोष्टी हरवितां येत नाहींत त्यांच्यासाठीं इंग्रजी भाषेंत कोणतीं विशेषणें आहेत, त्यांचा परस्परांत भेद काय, आणि आपल्या परभणी जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्याला, शेतकऱ्याला व श्रद्धावंताला त्या भेदाचें काय काम, हा आमचा आजचा विषय आहे.

विषय कोरड्या व्याकरणाचा आहे, असें कोणी म्हणेल. परंतु शब्द तोलून घेणें हें आपल्या धर्मपरंपरेस परकें नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. १५७९ सालीं ते गोव्यास आले, आणि त्यांचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापून निघालें. एका इंग्रजानें आपल्या भाषेचे शब्द इतक्या प्रेमानें पारखून घेतले. तेव्हां त्याच्या भाषेचे चार शब्द आपण पारखून पाहिले, तर ती उसनवारीची अल्पशी फेड होईल.

या शब्दांकडे पाहतांना पहिला प्रश्न असा विचारावा कीं, येथें झुंज कोणाशीं आहे? ‘इन्व्हिन्सिबल’ हा शब्द लॅटिन भाषेंतल्या ‘जिंकणें’ या अर्थाच्या धातूपासून निघाला. तो रणांगणावरचा शब्द आहे. सैन्य, सेनापति, आरमार, खेळांतला संघ, म्हणजे जो समोर उभा राहून लढतो, त्याला तो शोभतो. किल्ल्याला मात्र इंग्रज ‘इम्प्रेग्नेबल’ म्हणतो. किल्ला कोणावर चालून जात नाहीं. तो घेतला जातो किंवा घेतला जात नाहीं. ‘घेणें’ या अर्थाच्या फ्रेंच धातूपासूनच तो शब्द आला आहे, आणि त्यांतला ‘ग’ हा मागाहून घुसलेला उपरा आहे. मराठींतही ‘गड घेतला’ असेंच आपल्या तोंडीं सहज येतें.

डोंगर, नदी, अडचण यांची गोष्ट आणखी वेगळी. त्या लढत नाहींत व घेतल्याही जात नाहींत. त्या ओलांडाव्या लागतात. त्यांच्यासाठीं ‘इन्सुपरेबल’ व ‘इन्सर्माउंटेबल’ असे दोन शब्द आहेत. पहिल्यांतला ‘सुपर’ आणि संस्कृतांतला ‘उपरि’ हे एकाच कुळांतले भाऊ. दुसऱ्यांत चढून जाण्याची कल्पना उघड दिसते. शरीराला घाव लागत नसेल तर ‘इन्व्हल्नरेबल’. त्यांतला मूळ लॅटिन शब्द जखमेचा आहे. ग्रीकांचा अकिलीझ असा होता, पण त्याची टांच उघडी राहिली. आपल्या लोककथेंतला दुर्योधन असा होता, पण त्याची मांडी उघडी राहिली. दोन दूरच्या देशांनीं अशा पुरुषांची कथा रचतांना एक जागा मुद्दाम मोकळी ठेवली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. वादांतल्या मुद्द्याला ‘इर्रेफ्युटेबल’ म्हणतात, आणि त्याला आपल्याकडे ‘बिनतोड’ असा फार ठसठशीत शब्द आहे. परीक्षेच्या कागदावर ‘इन्व्हिन्सिबल माउंटन’ असें लिहिणारा विद्यार्थी व्याकरण मोडीत नाहीं. तो डोंगराच्या हातीं तलवार देतो, इतकेंच. मनासाठीं असलेला ‘इंडॉमिटेबल’ हा शब्द आम्ही मुद्दाम मागें ठेविला आहे. त्याची पाळी पुढें येईल.

आतां दुसरा प्रश्न, आणि तो अधिक महत्त्वाचा. ‘हा हरला नाहीं’, ‘याला हरविणें कठीण आहे’, आणि ‘याला हरवितांच येत नाहीं’ हीं तीन वेगळीं विधानें आहेत. इंग्रजींत पहिल्यास ‘अनडिफीटेड’, दुसऱ्यास ‘फॉर्मिडेबल’ व तिसऱ्यास ‘इन्व्हिन्सिबल’ म्हणतात. पहिलें विधान मागच्या हिशेबाचें आहे. आजवरच्या वहींत पराभवाची नोंद नाहीं, एवढेंच तें सांगतें. दुसऱ्यांतला मूळ लॅटिन शब्द भीतीचा आहे. समोरच्याच्या छातींत धडकी भरते, एवढीच त्याची साक्ष. तिसरें विधान मात्र उद्यांविषयींचें आहे, आणि उद्यांची वही कोणाही मनुष्यानें पाहिलेली नाहीं.

आपल्या भाषेची या बाबतींतली श्रीमंती पाहून आम्हांस अभिमान वाटतो. संस्कृताकडून आपणांस ‘अ’ आणि ‘दुर्’ असे दोन उपसर्ग मिळाले आहेत. दुर्जय व अजेय, दुर्भेद्य व अभेद्य, दुर्लंघ्य व अलंघ्य, अशा जोड्या आपल्या घरांतच आहेत. शिवाय मागचा हिशेब सांगणारा ‘अपराजित’ निराळा. पाणिनीनें तर याहूनही बारीक भेद नोंदविला आहे: ‘जय्य’ म्हणजे जिंकतां येण्याजोगा, आणि ‘जेय’ म्हणजे जिंकला जावा असा. एक शक्तीचा प्रश्न, दुसरा कर्तव्याचा. आपला ‘अजिंक्य’ हा शब्द मात्र संस्कृत नव्हे. मराठी ‘जिंकणें’ या क्रियापदाला संस्कृताचा साज चढवून तो आपल्याच लोकांनीं घडविला. इंग्रजींत ‘दुर्’ सारखा सोयीचा उपसर्ग नाहीं. तेथें ‘इन्’ किंवा ‘अन्’ लावला कीं सरळ नकार उभा राहतो. म्हणून इंग्रजीच्या नादानें लिहिणारा मराठी लेखक पुष्कळदां ‘दुर्’ ची जागा ‘अ’ ला देऊन टाकतो, आणि जें कठीण तें अशक्य होऊन बसतें. शब्दांतली ही लहानशी घसरण व्यवहारांत किती महाग पडते, तें आतां उदाहरणांनीं पाहूं.

रोमन लोकांनीं हा भेद पुसला. ‘इन्व्हिक्टुस’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ ‘जो जिंकला गेला नाहीं’ इतकाच होता. परंतु देवांच्या व बादशहांच्या पदव्यांत तो ‘जो जिंकतां येत नाहीं’ अशा अर्थानें मिरवूं लागला. ऑरेलियन बादशहानें २७४ सालीं रोममध्यें ‘अजिंक्य सूर्या’चें मंदिर अर्पण केलें, आणि पुढच्याच वर्षीं तो आपल्याच अधिकाऱ्यांच्या हातून मारला गेला. इंग्रजांच्या आरमाराची कथाही अशीच आहे. १७४७ सालीं त्यांनीं फ्रेंचांची एक युद्धनौका लढाईंत पकडली; तिचें नांव होतें ‘इन्व्हिन्सिबल’! पकडलेल्या नौकेचें तें नांव त्यांनीं तसेंच चालू ठेविलें, आणि १७५८ सालीं ती वाळूच्या दांड्यावर चढून फुटली. त्याच नांवाची आणखी एक नौका १८०१ सालीं नॉर्फोकच्या किनाऱ्यापाशीं वाळूंतच अडकून बुडाली, व तिजवरचे चारशेंहून अधिक लोक मरण पावले. त्याच नांवाची पुढची एक नौका १९१६ सालीं जटलंडच्या लढाईंत स्फोट होऊन दुभंगली. हजारांवर माणसांतून अवघे सहा जण वांचले. नांवानें नौका बुडत नाहीं हें खरें; पण नांवानें ती तरतही नाहीं.

आपल्या मुलखाकडे वळूं. मराठवाड्यांत देवगिरीचा किल्ला ज्यानें पाहिला आहे, त्याला ‘इम्प्रेग्नेबल’ या शब्दाचा अर्थ कोशांत शोधावा लागणार नाहीं. तासून उभा सरळ केलेला तो कडा, भोंवतालचा तो खंदक, आणि वर जाण्याची ती अंधारी वाट! तरी १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजीपुढें रामदेवराव यादवाला नमावें लागलें. सांगतात कीं, वेढ्याच्या वेळीं गडावर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजीं मीठ निघालें. कथा खरी असो वा नसो, तिचें तात्पर्य खरें आहे: कडा अभेद्य असला तरी त्यावर राहणाऱ्यांचें पोट अभेद्य नसतें.

साताऱ्याच्या किल्ल्याचें नांव तर प्रत्यक्ष ‘अजिंक्यतारा’. हें नांव त्याला केव्हां मिळालें? १७०० सालीं कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर औरंगजेबानें तो घेतला आणि त्यास ‘आझमतारा’ असें नांव दिलें. मराठ्यांनीं तो परत मिळविला, त्यानंतर ‘अजिंक्यतारा’ हें नांव रूढ झालें. म्हणजे जो गड एकदां जिंकला गेला होता, त्यालाच अजिंक्य म्हटलें! यांत कोणी हंसण्यासारखें पाहील. आम्हांस त्यांत एक थोर गोष्ट दिसते. ज्यांनीं तें नांव उचलून धरलें, त्यांना गड पडल्याची आठवण ताजी होती. त्यांच्या तोंडीं ‘अजिंक्य’ म्हणजे ‘पडला तरी आमचा’, असाच अर्थ असला पाहिजे. पुढें १७०८ सालीं तो शाहूमहाराजांकडे व १८१८ सालीं इंग्रजांकडे गेला, तरी नांव राहिलें.

याच्या उलट मुरूडजवळचा जंजिरा. शिवाजीमहाराजांनीं प्रयत्न केले, संभाजीमहाराजांनीं केले, पेशव्यांनीं केले. पण सिद्दीचा तो जलदुर्ग मराठ्यांच्या हातीं कधींच आला नाहीं. खरोखर ‘अनडिफीटेड’ म्हणावें असा हा एक किल्ला. आणि त्याचा शेवट काय झाला? १९४८ सालीं जंजिरा संस्थान हिंदुस्थानांत विलीन झालें, आणि जें तोफांना साधलें नव्हतें तें कागदावरील सहीनें साधलें. त्याच वर्षीं आपल्या परभणीनेंही असेंच एक आश्चर्य पाहिलें. हा जिल्हा तेव्हां निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. त्या संस्थानाचें नाणें वेगळें, टपाल वेगळें, रेल्वे वेगळी, सैन्य वेगळें. पिढ्यान् पिढ्या लोकांनीं तें अढळ मानलें होतें. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं पोलिस कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेस ती संपलीही. दोनशें वर्षांचें अढळपद पांच दिवसांत ढळलें.

किल्ल्यांच्या व राज्यांच्या गोष्टी ऐकून आपण मान डोलावतों, कारण त्यांत आपलें आतां कांहीं जात नाहीं. म्हणून शेताकडे चलूं, जेथें आपलें जातें. परभणी येथें १९७२ सालीं मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें. त्यास आतां वसंतराव नाईक यांचें नांव आहे. या विद्यापीठानें भेंडीची एक नवी जात काढली, आणि १९८५ सालीं ती ‘परभणी क्रांति’ या नांवानें बाहेर आली. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा, पांढऱ्या माशीनें पसरणारा एक विषाणूचा रोग आहे. रानभेंडीच्या एका जातीशीं संकर करून त्या रोगाला तोंड देणारें हें बियाणें तयार झालें, आणि आपल्या गांवाचें नांव देशभरच्या भाजीबाजारांत गेलें. पण पुढें कित्येक ठिकाणीं तोच रोग या जातीवरही पडूं लागला. याच्या आधींच्या ‘पुसा सावनी’ या प्रसिद्ध जातीचीही गत अशीच झाली होती.

यांत विद्यापीठानें कोणाला फसविलें काय? मुळींच नाहीं. शास्त्रज्ञांनीं जो इंग्रजी शब्द वापरला तो ‘रेझिस्टंट’, म्हणजे प्रतिकार करणारें. त्यांनीं ‘इम्यून’, म्हणजे रोग लागूंच शकत नाहीं असें, म्हटलें नव्हतें. आणि ‘इन्व्हल्नरेबल’ तर नव्हतेंच म्हटलें. प्रतिकार करणारा पहारेकरी थकूं शकतो, आणि रोगही नवी वाट शोधूं शकतो. पण शास्त्रज्ञाच्या टिपणांतला ‘रेझिस्टंट’ हा शब्द बांधावर येईपर्यंत ‘याला रोगच येत नाहीं’ असा होऊन जातो.

कापसाच्या बाबतींत ही घसरण फार महाग पडली. बोंडअळीला मारक असें बी.टी. कापसाचें बियाणें २००२ सालीं आपल्या देशांत मंजूर झालें. आरंभीं त्यानें अळीला खरोखरच आवर घातला. त्या बियाण्याबरोबर साध्या कापसाचें थोडें बियाणें येत असे, तें शेताच्या कडेनें पेरावयाचें होतें. हेतु असा कीं, कांहीं अळ्या साध्या झाडांवर जगाव्या, त्यांचा विषाला सरावलेल्या अळ्यांशीं संकर व्हावा, आणि सरावलेल्यांची जात फोफावूं नये. पुष्कळ ठिकाणीं तें पेरलेंच गेलें नाहीं. ज्याला बोंडअळी लागतच नाहीं, त्याला राखण कशाला, असें लोकांना वाटलें. गुलाबी बोंडअळी हळूहळू सरावली, आणि २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांत तिनें जो घाला घातला तो आपणांपैकीं कित्येकांनीं स्वतःच्या शेतांत, हातांत किडकें बोंड धरून पाहिला आहे. कारणें अनेक होतीं. पण त्यांत एक कारण शब्दाचेंही होतें. ‘अजिंक्य’ म्हटलें कीं पहारेकरी निजतो.

आतांपर्यंत आम्ही आपल्या बाजूच्या गोष्टींना अजिंक्य म्हणण्याचा धोका सांगितला. याच्या उलटचा धोका त्याहून मोठा आहे, आणि तो म्हणजे आपल्या शत्रूला अजिंक्य म्हणण्याचा. पन्नाशी उलटलेल्या मंडळींना नारू आठवत असेल. महाराष्ट्रांतल्या पुष्कळ खेड्यांत हा रोग होता. बारवेच्या पायऱ्या उतरून लोक पाण्यांत पाय बुडवीत. रोग्याच्या पायांतल्या जंताचीं सूक्ष्म पिलें पाण्यांत उतरत, बारीक पाणकिड्यांच्या पोटांत शिरत, आणि तें पाणी जो पिई त्याच्या पायांतून वर्षभरानें हातभर लांबीचा जंत बाहेर निघे. ऐन पेरणीच्या दिवसांत माणूस खाटेवर पडे. लोक म्हणत, हें नशिबाचें आहे. इंग्रजी शिकलेला म्हणे, ‘इन्सर्माउंटेबल’. यावर ना औषध होतें, ना लस.

तरी तो हरला. आणि हरला कशानें, तर फडक्यानें! पिण्याचें पाणी दाट विणीच्या कापडांतून गाळून घ्यावें, बारवेंत उतरणें बंद करावें, हातपंप बसवावे, पाण्यांत पाणकिडे मारणारें औषध टाकावें, आणि घरोघर जाऊन हेंच पुन्हां पुन्हां सांगावें, एवढाच तो इलाज. भारतांतला शेवटचा रोगी १९९६ सालीं आढळला, आणि २००० सालीं आपला देश नारूमुक्त ठरला. ज्यांनीं हें काम केलें त्यांच्या अंगीं कांहीं अलौकिक बळ नव्हतें. त्यांनीं ‘अलंघ्य’ मधला ‘अ’ खोडून तेथें ‘दुर्’ लिहिला, इतकेंच. आणि मग कामाला लागले.

बंधुभगिनींनो, येथें आम्हांस एक जड गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या या मराठवाड्यांत पाऊस दगा देतो, कर्ज वाढतें, भाव पडतो. आणि एखाद्या घरचा कर्ता पुरुष रात्रीं अंथरुणावर पडल्यापडल्या स्वतःशींच म्हणतो, ‘आतां यांतून पार होणें नाहीं.’ असें म्हणून ज्यांनीं आपल्या जिवाचा शेवट करून घेतला, त्यांचीं घरें प्रत्येक तालुक्याला ठाऊक आहेत. त्यांचीं नांवें आम्ही घेत नाहीं, व त्यांचा न्यायही करीत नाहीं. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, ‘पार होणें नाहीं’ हें वाक्य हा एका दमलेल्या माणसाचा शब्द आहे. तो संकटाचा गुणधर्म नव्हे. तो शब्द शेजाऱ्याच्या, भावाच्या, पत्नीच्या कानीं पडला, तर त्यांनीं तो तसाच जाऊं देऊं नये. मास्तरासारखी चूक काढावयाची नाहीं. खांद्यावर हात ठेवून, जवळ बसून, ‘कठीण आहे, पण चल, मिळून पाहूं’ इतकेंच म्हणावयाचें आहे. मग बँकेचे कागद दोघांनीं मिळून वाचावे, फादरांकडे जावें, डॉक्टरकडे जावें, त्या रात्रीं त्याला एकटें सोडूं नये. जें एकट्याला अलंघ्य, तें चौघांना दुर्लंघ्य असतें. या एका ‘दुर्’ वर कधीं कधीं एक जीव तगतो.

आतां राखून ठेवलेला शब्द घेऊं. ‘इंडॉमिटेबल’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘माणसाळविणें, वठणीवर आणणें’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. आणि संस्कृतांतला ‘दम्’ धातु त्याचाच सख्खा भाऊ आहे. म्हणून ‘इंडॉमिटेबल’ आणि ‘अदम्य’ हे एकाच मुशींतले शब्द होत. संस्कृतांत ‘दम्य’ म्हणजे जुंवाला लावून वठणीवर आणावयाचा गोऱ्हा. शेतकऱ्याला हें चित्र समजावून सांगण्याची गरज नाहीं. आम्ही पाहिलेल्या सगळ्या शब्दांत हाच एक असा आहे कीं, जो पराभवाशीं एका घरांत नांदूं शकतो. हरलेला सेनापति इन्व्हिन्सिबल नव्हे. घेतलेला किल्ला इम्प्रेग्नेबल नव्हे. जखमी झालेला इन्व्हल्नरेबल नव्हे. पण हरलेला, लुटलेला, जखमी झालेला मनुष्यही इंडॉमिटेबल असूं शकतो. जूं मानेवर आलें तरी मन जुंवाखालीं गेलें नाहीं, एवढाच त्याचा दावा आहे. मराठी खेड्यांत याला साधा शब्द ‘चिवट’. आपल्या गंगाखेडच्या संत जनाबाई आयुष्यभर दुसऱ्याच्या घरीं दळणकांडण करीत राहिल्या. त्यांचें दासीपण सुटलें नाहीं, पण त्यांच्या अभंगांना शतकें लोटलीं तरी कोणाला गप्प करतां आलेलें नाहीं. हरणें न हरणें हें पुष्कळदां आपल्या हातीं नसतें. चिवट राहणें मात्र बरेंचसें आपल्या हातीं असतें. म्हणून मनुष्याचें वर्णन करावयाचें झाल्यास हाच शब्द आम्ही सर्वांत प्रामाणिक समजतों.

शेवटीं, आपल्या धर्मशास्त्रांत ‘इन्व्हिन्सिबल’ हा शब्द जेथें येतो ती जागा दाखवून आम्ही पुरें करतों. सामान्य इंग्रजींत ‘इन्व्हिन्सिबल’ चा उलट शब्द ‘व्हिन्सिबल’ जवळजवळ लोपला आहे. तो मुख्यतः धर्मशास्त्राच्या पुस्तकांत जिवंत राहिला, आणि तोही अज्ञानाच्या संदर्भांत. संत थॉमस अक्विनास यांनीं तेराव्या शतकांत सांगितलें कीं, जें अज्ञान मनुष्याला प्रयत्न करूनही दूर करतां येत नाहीं तें अजिंक्य अज्ञान, आणि त्याचा दोष त्याला लागत नाहीं. जें प्रयत्नानें दूर करतां आलें असतें, परंतु आळसानें वा हट्टानें ठेविलें, तें जिंकतां येण्याजोगें अज्ञान. त्याचा जाब द्यावा लागतो. नववे पायस यांनीं १८६३ सालच्या परिपत्रकांत या अजिंक्य अज्ञानाचा उल्लेख केला, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ सालीं ख्रिस्तसभेविषयींच्या घटनापत्रांत हाच भाव अधिक मोकळेपणें मांडला: आपला दोष नसतां ज्यांना सुवार्ता कळली नाहीं, पण जे प्रामाणिक मनानें परमेश्वराचा शोध करतात, त्यांना तारणाचें दार बंद नाहीं.

पाहा, जगानें जो शब्द बढाईसाठीं वापरला, तो ख्रिस्तसभेनें दयेसाठीं वापरला. शेजाऱ्याचा विचार करतांना तो म्हणतो, ‘याच्यानें हें झालेंच नसेल, याला दोष देऊं नका.’ स्वतःचा विचार करतांना मात्र तोच शब्द सहजासहजीं उच्चारूं देत नाहीं. ‘तूं प्रयत्न केलास काय?’ असें आधीं विचारतो. आमच्या मतें या सर्व विशेषणांच्या वापराचा नियम यांतच आला. दुसऱ्याच्या दुर्बलतेला खुशाल अजिंक्य म्हणावें. त्यानें आपलें मन मऊ होतें. आपल्या अडचणींना दुर्जय म्हणावें, त्यापुढें जाऊं नये. त्यानें हात चालते राहतात. आणि आपल्या यशाला अपराजित म्हणावें, तेंही ‘आजपर्यंत’ हा शब्द जोडून. त्यानें पहारा जागा राहतो.

हा धर्मग्राम आज ज्युबिली साजरी करीत आहे. त्याला अजिंक्य म्हणण्याचा मोह आम्ही आवरतों. नरकाचीं द्वारें प्रबळ होणार नाहींत, हें वचन प्रभूनें आपल्या सभेला दिलें आहे. आपल्या भिंतींना वा आपल्या संख्येला दिलेलें नाहीं. संत ऑगस्टिन यांची हिप्पो नगरीची धर्मसभा केवढी नामांकित! ते ४३० सालीं वारले तेव्हां नगरीला वेढा पडलेला होता, आणि पुढें कांहीं शतकांत उत्तर आफ्रिकेंतल्या त्या जुन्या धर्मसभा जवळजवळ नाहींशा झाल्या. पण त्या वृद्ध बिशपांचीं पुस्तकें आजही जगभर वाचलीं जातात. म्हणून कमानीवर काय लिहावें असें आम्हांस कोणी विचारलें, तर आम्ही सांगूं, ‘आजपर्यंत राखिलें, देवाचे आभार.’ आणि आंतल्या बाजूस, बाहेर पडतांना दिसेल असें, लहान अक्षरांत लिहावें: ‘कठीण आहे, चला, मिळून पाहूं.’